टिल्लू की पाटी

पठारावरचे अकरा खांब ताईला घरातल्या खांबांसारखे पाठ होते. कुठल्या ओढ्याच्या वळणावर गाडी डाव्या अंगाला घ्यायची, कुठला खडक दुपारी सावली देतो, कुठली माती वरून कोरडी नि आतून लबाड, हे तिला कधी कागदावर लिहावं लागलं नाही. खांब हवामान खात्याचे. तीस-तीस फूट उंच, टोकाला वारा मोजणाऱ्या तीन वाट्या गरगरत असायच्या आणि बुडाशी एक पत्र्याची पेटी. दर दोन महिन्यांनी त्यांची साफसफाई आणि दुरुस्ती करण्याचं काम ताईकडे होतं. म्हणजे गाडी ताईची आणि अवजारं वहिनीची. वहिनी ही ताईच्या धाकट्या भावाची बायको, वायरिंगचं रीतसर शिक्षण घेतलेली, खांबावर खारीसारखी चढणारी. नणंद-भावजयीचं एका घरात जमत नाही म्हणतात. या दोघींचं गेली सहा वर्षं एका जीपमध्ये, एका तंबूत आणि एका थर्मासवर जमत होतं.

ताईला रस्ता चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गॅरेजातली माणसं तिला 'होकायंत्र' म्हणायची. "काहीतरीच तुमचं," असं म्हणत ती ते कौतुकानं ऐकून घ्यायची.

त्या वर्षी काम पुन्हा त्यांच्याकडेच आलं, पण सोबत चार नवे खांबही आले. एक पठाराच्या शेवटी, आणि तीन त्याच्याही पलीकडे, खारपट ओलांडून. खारपट म्हणजे कधीकाळी आटलेलं मिठाचं तळं. बशीसारखं सपाट, पांढरंफटक, चाळीस किलोमीटर रुंद. खात्यानं हे चार खांब हेलिकॉप्टरनं नेऊन उभे केले होते. त्यामुळे तिथवर अजून एकही चाक गेलेलं नव्हतं. वाट नव्हती, वाटेची खूणही नव्हती. खात्यानं दिला तो फक्त एक कागद. त्यावर प्रत्येक खांबापुढे दोन लांबलचक आकडे, अक्षांश आणि रेखांश. शिवाय खारपटाचा पृष्ठभाग कुठे टणक आहे ते दाखवणारे आणखी सात जागांचे आकडे. सगळे बारीक, मुंगीच्या पायांसारखे.

"जीपीएस लागणार," वहिनी म्हणाली.

"मोबाइल आहे की," ताईचा भाऊ पावाला लोणी लावत म्हणाला. तो बेकरी चालवायचा आणि कुठल्याही प्रश्नावर त्याच्याकडे ताजं उत्तर असायचं.

"नकाशा आधी उतरवून ठेवला तर मोबाइलही चालतो," वहिनी म्हणाली. "पण दिवसभर उन्हात, धुळीत, हादऱ्यांत तो टिकायला हवा ना. आणि तो बंद पडला तर तुला फोन कसा करू? पावावरून?"

भावानं पाव तोंडात घातला. ताई त्या कागदाकडे बघत होती, आणि कागद जरा जास्तच लांब धरून बघत होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा ताईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. गेलं वर्षभर तिला जवळचं नीट दिसत नव्हतं. लांबचं ठणठणीत. मैलावरचा दगड की झुडूप, हे ती दुर्बीण न लावता सांगायची. पण औषधाच्या बाटलीवरची अक्षरं, पावती, सुईचं नेढं, सगळ्यावर धुकं पसरलेलं. बावन्न वर्षं पूर्ण झालेल्या बाईला चाळिशी लागली यात नवल ते काय? पण चष्मा म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे गॅरेजातली माणसं उभी राहायची. होकायंत्राला चष्मा! मग तिनं एक युक्ती शोधली होती. मूठ सैलसर मिटायची, मधे मोहरीएवढं भोक ठेवायचं आणि त्यातून बघायचं. भरपूर उजेड असेल तर अक्षरं कशी लख्ख दिसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

शनिवारी सकाळी दोघी दुकानात गेल्या. दुकान काचेचं, गारेगार. दुकानदार तरुण, शर्टाला इस्त्री, बोटांना क्रीमचा वास. त्यानं लगेच सगळ्यात मोठं यंत्र पुढे केलं. शाळेतल्या पाटीएवढा पडदा, त्यावर रंगीत डोंगर, निळ्या नद्या. वर एक मंजूळ आवाज, 'पुढे उजवीकडे वळा' म्हणणारा.

"बघा मॅडम. आवाज हवा तसा बदलता येतो. बायकांचा, पुरुषांचा. गाणी लागतात. जवळचं हॉटेल दाखवतं."

"आम्ही जातो तिथलं जवळचं हॉटेल म्हणजे आमचा स्टोव्ह," ताई म्हणाली. "दुसरं काय आहे?"

दुकानदारानं नाइलाजानं खालच्या कप्प्यातून एक डबी काढली. मुठीत मावेल एवढं पिवळं यंत्र, जाडजूड, कडांना रबर, पडद्याखाली पाच बटणं. दिसायला अगदीच गबाळं.

"हे जुन्या पद्धतीचं आहे. गिर्यारोहक वगैरे घेतात. याला बोलता येत नाही."

"वा," वहिनी म्हणाली. "गाडीत बोलायला आम्ही दोघी आहोत."

ताईनं टायर निवडावा तशी यंत्रं हातात घेऊन तोलली. मग तिनं दुकानदाराला विचारलं, "बाहेर उन्हात नेऊ का दोन्ही?"

"उन्हात?"

"आमच्या गाडीत एसी नाही, काचा नाहीत, आणि छप्पर आहे ते नावाला."

तिघं रस्त्यावर आले. ऊन रणरणत होतं. मोठ्या यंत्राचा पडदा आरसा झाला. ताईला त्यात डोंगर-नद्यांऐवजी स्वतःची हनुवटी दिसली. पिवळ्याचा पडदा मात्र उन्हात आणखी उजळला. मग वहिनीनं खिशातून कामाचे जाड हातमोजे काढले आणि ते घालून दोन्ही वापरून पाहिली. मोठ्याच्या पडद्यानं हातमोज्याची दखलच घेतली नाही. पिवळ्याची बटणं टकटक वाजली.

"सेल कुठले?" वहिनीनं विचारलं.

"याला आतली बॅटरी, गाडीवर चार्ज होते," दुकानदार मोठ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "आणि ह्याला साधे दोन पेन्सिल सेल. कुठल्याही टपरीवर मिळतात."

"आलो त्याच वाटेनं परत नेतं का?" ताईनं विचारलं. "म्हणजे माझ्याच चाकोरीवरून, पावलाला पाऊल?"

दुकानदारानं माहितीपत्रक उघडलं, बोट फिरवलं. "हो. पिवळं नेतं. मोठंही नेतं, पण त्याला शक्यतो रस्ता लागतो."

एवढ्यावर खरं तर निकाल लागला होता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर ताईनं एका दमात सांगितलं असतं, पिवळं घ्या. पण पिवळ्याच्या पडद्यावरचे आकडे तिला राखेसारखे दिसत होते, आणि मोठ्याचे, सावलीत का होईना, वाचता येत होते. ती ऐकू आलं नाही असं दाखवत म्हणाली, "मला मोठं बरं वाटतंय. पडदा ऐसपैस आहे. उन्हाला झापड लावू."

वहिनीनं भुवया उंचावल्या. "ताई, तुम्ही? परवाच तर म्हणालात, गाडीत जितकं कमी बिघडणारं, तितकं चांगलं."

"बघ बाई. चालवायचं मला आहे."

दुकानदार मधे पडला. गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून त्यानं दोन्ही यंत्रं चार दिवस वापरायला दिली. आवडेल ते ठेवा, दुसरं परत करा. वहिनीनं गाडीत बसता बसता बारसंही करून टाकलं. मोठी ती पाटी, आणि पिवळा तो टिल्लू.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी म्हणाली, "मी पाटीत आकडे घालते, तुम्ही टिल्लूत घाला. दोघींनी वेगवेगळे घातले म्हणजे पडताळा होईल."

ताई कागद आणि टिल्लू घेऊन अंगणात गेली. ऊन उतरलं होतं. मूठ मिटून पाहिली, पण उजेड पुरेना. तिनं आठवून, अंदाजानं, बोट ठेवून ठेवून आकडे दाबले. एक दोन आकड्यांपाशी ती थबकली. त्या छपाईत तीनचं तोंड मिटलं की आठ होत होता. 'असेल आठच,' असं म्हणून तिनं बटण दाबलं. इतकी वर्षं अंदाजावर गाडी हाकलेल्या बाईला स्वतःच्या अंदाजावर भारी विश्वास.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत त्या ताईच्या ओळखीच्या मुलखात होत्या. अकरावा खांब मागे पडला तशी ओळख संपली. वहिनीनं पाटी डॅशबोर्डवर चिकटवली, वर पुठ्ठ्याची झापड लावली. टिल्लू एका दोरीनं आरशाला टांगला. पाटी म्हणाली, बारावा खांब बावीस किलोमीटर. टिल्लू म्हणाला, तेवीस. पाटीचा बाण पूर्वेला, टिल्लूचा थोडा उत्तरेला झुकलेला.

"आता?" वहिनी म्हणाली.

पाटीची बाई मंजूळ आवाजात एका घळीतून जा म्हणत होती. घळीला चाळीस फुटांची भिंत. ताई हसली. "हिला बुद्धी नाही. टिल्लू कुठे बोट दाखवतोय तिकडे जाऊ. त्याचा बाण टेकडीला वळसा घालून जातो."

ती आत्मविश्वासानं बोलली की वहिनी वाद घालत नसे. गाडी दगडाधोंड्यांतून, वाळलेल्या नाल्यांतून, एका ठिकाणी तर फक्त तीन चाकांवर, दीड तास चालली. टिल्लूनं बीप केलं. पोचलो.

पोचलो ते एका उघड्या-बोडक्या उतारावर. खांब नाही, खांबाची सावली नाही. एक सरडा तेवढा दगडावरून दोघींकडे बघत होता.

वहिनी खाली उतरली, चारी दिशांना दुर्बीण फिरवली आणि परत आली. "टिल्लू बाद," ती म्हणाली. "आकडे तुम्ही घातलेत, ते चुकायचे नाहीत. बरं झालं आज कळलं. खारपटाच्या मधोमध असं झालं असतं तर? तुमचंच खरं, ताई. पाटीच घेऊ."

ताईला हेच हवं होतं. ऐसपैस पडदा, मोठी अक्षरं, चष्म्याचं नाव नाही. सगळं आपोआप जुळून आलं होतं. तरी तिच्या तोंडून नुसतं "हं" निघालं.

मग त्या पाटीच्या मागे लागल्या. घळ ताईनं स्वतःच्या डोक्यानं टाळली आणि पुन्हा बाणावर आली. साडेपाच किलोमीटर दक्षिणेला, एका सपाट खडकावर, बारावा खांब ताठ उभा होता. वाट्या गरगरत होत्या. वहिनीनं पट्टा बांधला आणि वर चढली; टोकाला तिनं पट्टा अडकवेपर्यंत ताईनं खालून दोर धरला.

ताई खाली एकटी राहिली. तिनं जीपच्या बॉनेटवर कागद पसरला, शेजारी टिल्लू ठेवला आणि इकडे तिकडे पाहिलं, जसं काही त्या पठारावर गॅरेजातली माणसं दडून बसली होती. मग मूठ मिटून डोळ्याला लावली. डोक्यावर भर दुपारचं ऊन. कागदावरचा आकडा लख्ख दिसला. दशांश चिन्हानंतरचा दुसरा, तीन. तिनं मूठ टिल्लूवर नेली. तिथे आठ.

टिल्लूनं तिला अगदी बिनचूक तिथेच नेलं होतं, जिथे तिनं सांगितलं होतं.

आता खरं तर गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. यंत्राला काही अब्रू नसते. टिल्लू डबीत बसून दुकानात परत गेला असता. ताईनं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि चाकांची हवा तपासायला वाकली. हवा ठीक होती. तिनं पुन्हा तपासली.

वहिनी काम उरकून खाली आली. दोघी गाडीच्या सावलीत पाव आणि उकडलेली अंडी घेऊन बसल्या. तेवढ्यात डॅशबोर्डवरून एक केविलवाणी टुणटुण ऐकू आली. पाटीच्या पडद्यावर थर्मामीटरचं चित्र उमटलं आणि ती काळी पडली.

"तापली," वहिनी म्हणाली. तिनं ओलं फडकं आणून पाटीला गुंडाळलं. "होईल गार. रोज दुपारी थोडं थांबू. काय करणार, टिल्लूवर तर भरवसा नाही."

ताईच्या डोळ्यांपुढे खारपट आला. सगळीकडे पांढरं, मधोमध जीप, आणि वहिनी फडक्यानं वारा घालत बसलेली. हे माझ्यामुळे. माझ्या मिजाशीमुळे.

"वहिनी," ती म्हणाली, "टिल्लूची चूक नाही. आकडा मी चुकीचा घातला. तीनाच्या जागी आठ."

"घाईत होतं असं कधी."

"घाईत नाही. मला दिसलाच नाही. वर्ष झालं, जवळचं काही दिसत नाही मला."

वहिनीनं हातातला पाव खाली ठेवला. मग ती म्हणाली, "वन्सं."

ताई मनातून दचकली. वहिनी एरवी तिला 'ताई' म्हणायची. 'वन्सं' निघायचं ते फक्त रागात, आणि सहा वर्षांत ते तीनदाच निघालं होतं.

"वन्सं, मी तुमच्या शेजारी डोळे मिटून बसते. कड्यावरून गाडी जाते तेव्हासुद्धा. तीस फुटांवर चढते ते खाली तुम्ही दोर धरलाय म्हणून. आणि तुम्ही मला एवढं सांगितलं नाहीत?"

"दोर दिसतो मला. कडाही दिसतो. लांबचं सगळं..."

"मला कसं कळणार काय दिसतं नि काय नाही?"

ताईनं समोर पाहिलं. मग म्हणाली, "तो पलीकडचा कडा आहे ना, तांबूस, त्याच्या मधल्या पट्ट्यावर तीन रानशेळ्या आहेत. मधली लंगडतेय. मागचा उजवा पाय."

वहिनीनं दुर्बीण उचलली. कडा दीड-दोन किलोमीटर तरी लांब होता. तिनं भिंग फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. ताईला आधी वाटलं, रडतेय. वहिनी हसत होती.

"मागचा उजवाच," ती दुर्बीण न काढता म्हणाली. "देवा रे. शेळीचा पाय दिसतो आणि समोरचा आठ दिसत नाही."

"तीन," ताई म्हणाली. "तीन दिसला नाही. आठ नव्हताच तिथे."

त्यावर दोघी जोरात हसल्या. पण हसून झाल्यावर वहिनी गंभीर झाली. "पुन्हा असं लपवायचं नाही. मला राग आलाय, तो आज दिवसभर राहणार आहे. सांगून ठेवते."

"राहू दे," ताई म्हणाली. "मला चालेल." आणि तिला खरोखरच हलकं वाटलं, गाडीवरचं जास्तीचं सामान उतरवल्यावर इंजिनाला वाटत असेल तसं.

वहिनीनं टिल्लू मागितला. तिनं सगळे आकडे पुसले आणि नव्यानं घातले. एक एक आकडा मोठ्यानं म्हणून दाबला. झाल्यावर टिल्लू ताईसमोर धरून म्हणाली, "आता ह्याला दुसरी संधी."

खारपट त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ओलांडला. ताईनं आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. ना झाड, ना दगड, ना चढ, ना उतार. खाली पांढरं, वर पांढरट निळं, आणि दोन्हींच्या मधे रेघ कुठे ते कळेना. पहिली पाच मिनिटं तिनं टिल्लूकडे न बघता, फक्त स्वतःच्या अंगातल्या होकायंत्रावर गाडी सरळ चालवली. म्हणजे तिला सरळ वाटत होती.

"डावीकडे चाललात," वहिनी टिल्लूवर डोळे ठेवून म्हणाली. "चांगल्याच डावीकडे."

ताईनं मागे वळून पाहिलं. मिठाच्या पापुद्र्यावर चाकांची रेघ विळ्यासारखी वाकली होती. तिनं गाडी थांबवली, खाली उतरून ती रेघ नीट बघितली आणि पुन्हा चढली. खूण असेल तिथेच आपलं डोकं चालतं, हे तिला त्या रेघेनं दाखवलं, आणि ते कबूल करायला तिला फारसं जड गेलं नाही. काल त्याहून जड ते उचलून झालं होतं.

"तू बोल, मी वळवते," ती म्हणाली.

मग छान लय लागली. वहिनी म्हणायची, "थोडं उजवीकडे, आणखी, बस." ताईचे हात त्याबरोबर हलायचे. सात जागांपैकी एकेक जागा आली की टिल्लू बीप करायचा. चौथ्या जागेपाशी ताईला चाकाखालचा आवाज बदलल्यासारखा वाटला, कुरकुरीत होता तो भिजलेला झाला. तिनं लगेच गाडी चाळीस-पन्नास हात अलीकडे घेतली. टिल्लूला तो आवाज ऐकू येत नव्हता, आणि तिला तो आकडा दिसत नव्हता. दोघांचं मिळून बरं चाललं होतं.

पाटी मात्र चौथ्या जागेच्या पुढे पोचलीच नाही. हादऱ्यांनी तिची चार्जिंगची पिन सारखी निसटत होती. वहिनीनं ती दोनदा चिकटपट्टीनं बसवली. तिसऱ्यांदा पाटीच्या बाईनं "शक्य असेल तिथे मागे वळा" असं सुचवलं आणि प्राण सोडला.

"घाबरट," ताई म्हणाली.

तेरावा खांब टिल्लूनं दाखवला त्याच जागी होता. वहिनीनं पावलं मोजली, जीपपासून अकरा. त्या दिवशी फक्त तेरावाच केला, कारण हे पाहणीसाठीचं येणं होतं. दुपारी परत फिरल्या तेव्हा वारा सुटला. मिठाची भुकटी गुडघाभर उंचीवरून वाहू लागली, सकाळची चाकोरी पुसली गेली. वहिनीनं टिल्लूत दोन बटणं दाबली. पडद्यावर सकाळची त्यांची वाट ठिपक्यांनी उमटली, ताईनं ओल्या मिठापासून अलीकडे घेतलेलं ते छोटंसं वळणसुद्धा. ताईला ते ठिपके दिसले नाहीत, पण वहिनीच्या आवाजात ते सगळे होते. दीड तासात पठाराचा तांबडा काठ समोर आला. तो मात्र ताईनं वहिनीच्या बऱ्याच आधी पाहिला.

बुधवारी सकाळी दोघी पुन्हा काचेच्या दुकानात उभ्या राहिल्या. दुकानदारानं पाटीकडे पाहिलं. कोपऱ्यात मीठ, पिनेवर चिकटपट्टीचा डिंक. "मॅडम, काय ठरलं?"

"असे दोन टिल्लू द्या," ताई पिवळं यंत्र पुढे करत म्हणाली.

"दोन?"

"एक बिघडला तर दुसरा. आणि सेलचा एक मोठा खोका. तुमची पाटी वाईट नाही. ज्याला रस्ता आहे, सावली आहे आणि गाणी ऐकायची आहेत, त्याला खुशाल विका. पण पठारावर कुणी जातो म्हणाला तर विकू नका. आणि हो, गिऱ्हाइकाला यंत्र दाखवताना आधी उन्हात न्या."

दुकानदारानं ते खरंच लिहून घेतलं.

तिथून त्या तशाच चष्म्याच्या दुकानात गेल्या. डोळे तपासणारे गृहस्थ वयस्कर, शांत. त्यांनी ताईला लांबचा तक्ता वाचायला सांगितला. ताईनं तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग त्यांनी जवळचं कार्ड दिलं. तिनं सवयीनं मूठ मिटली.

"हात खाली," वहिनी मागून म्हणाली.

"चाळिशी आहे," गृहस्थ म्हणाले. "दहाएक वर्षं आधीच यायला हवी होती."

"वाट चुकली असेल," ताई म्हणाली.

तिनं चष्मा निवडला तो टिल्लू निवडावा तसाच. मान जोरात हलवून पाहिली, निसटतो का. हातमोजे घालून काढता येतो का ते पाहिलं. बाहेर उन्हात जाऊन जीपच्या दारात बसून स्टिअरिंगवरची बारीक अक्षरं वाचली. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिला कळलं की तिथे हॉर्नचं चित्र आहे. गॅरेजातली माणसं काय म्हणतील याचा विचार तिच्या मनात एकदा येऊन गेला. संध्याकाळी ती मुद्दाम चष्मा लावूनच ऑइल बदलायला गेली. त्यांनी दोन दिवस थट्टा केली. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या बिलातली बेरजेची चूक दाखवली. थट्टा संपली.

पंधरा दिवसांनी पहिली खरी फेरी झाली. पंधराच्या पंधरा खांब, नऊ दिवस, एकही पंक्चर नाही. परत आल्यावर खात्यातल्या इंजिनिअरचा फोन आला. उत्तरेकडच्या भागासाठी आणखी एक गाडी नेमायची होती. त्या माणसांनी कुठलं यंत्र घ्यावं, असं त्याला विचारायचं होतं.

ताईनं एका दमात सांगितलं. "बटणांचं घ्या, स्पर्शाच्या पडद्याचं नको. साध्या सेलवर चालणारं घ्या. उन्हात वाचता येतं ते बघा, आणि आलेल्या वाटेनं परत नेतं ते बघा. दोन घ्या. आणि आकडे घालताना एकानं मोठ्यानं वाचायचे, दुसऱ्यानं घालायचे. मग अदलाबदल करून पुन्हा तपासायचे."

"हे शेवटचं माहितीपत्रकात दिसत नाही," इंजिनिअर कागद चाळत म्हणाला.

"नसेल," ताई म्हणाली. "ते मी शिकले. लिहून घ्या."

वहिनी शेजारी बसून दोराच्या गाठी तपासत होती. तिनं मान वर केली, ताईकडे बघितलं आणि पुन्हा गाठीकडे वळली. ताईनं चष्मा नाकावर सरकवला आणि पुढच्या फेरीच्या सामानाची यादी पुढे ओढली.